परतीची वाट असलेला डबा

मॅकडोनाल्ड्सच्या हॅपी मील या मुलांच्या जेवणाचा पुठ्ठ्याचा डबा एकदा नीट पाहावा. सपाट आलेल्या पुठ्ठ्यावर घड्यांच्या रेघा आधीच दाबलेल्या असतात. त्यांवरून दुमडत गेलं की चार भिंती उभ्या राहतात, वरची दोन पाखं उतरत्या छपरासारखी जवळ येतात आणि टोकाला लहान हातात मावेल अशी मूठ तयार होते. अमेरिकेत १९७९ साली हा डबा देशभर विक्रीला आला. त्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्या कॅन्सस सिटीच्या बॉब बर्नस्टीन या जाहिरात व्यावसायिकांनी कल्पनेचा उगमही सांगितला आहे. त्यांचा मुलगा न्याहारीला सिरियलचं खोकं समोर ठेवून त्यावरची चित्रं आणि मजकूर वाचत बसे. तोंड कामात असलं तरी डोळे मोकळे असतात आणि समोर जे असेल ते मूल वाचून काढतं, हे त्यांनी हेरलं. मग डब्याच्या भिंती कोडी, चित्रं आणि खेळांनी भरून गेल्या. मुलांच्या खाण्याच्या पॅकिंगबद्दल इतकं नेमकं निरीक्षण क्वचितच कोणी केलं असेल. पण ते जेवण चालू असतानाच्या वेळेपुरतं आहे. पंधरा-वीस मिनिटांनी मूल उठतं, तेव्हा तेलाचे डाग पडलेला आणि सॉस सांडलेला तो डबा टेबलावरच राहतो. त्याचं पुढे काय व्हावं, याचं उत्तर त्याच्या घड्यांत कुठेच नाही.

या पुस्तकाचा विषय त्या टेबलापासून सुरू होतो. मुलांचं खाणं म्हटलं की त्यात शाळेचा डबा येतो, मधल्या सुट्टीतली खिचडी येते, पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट, बाजूला स्ट्रॉ चिकटवलेलं रसाचं छोटं खोकं, हॉटेलातलं ‘मुलांसाठी’चं ताट, हे सगळंच येतं. या प्रत्येकाला वेष्टन आहे आणि प्रत्येक वेष्टनाबद्दल आज कोणी ना कोणी तरी ‘पुन्हा वापरा’, ‘कचरा करू नका’ असं सांगत आहे. माझं म्हणणं असं, की वेष्टन पुन्हा वापरलं जाईल की नाही, हे त्यावरच्या चित्रावर किंवा आवाहनावर ठरत नाही. रिकामं झाल्यावर ते कोणाच्या हातात जातं, ते उचलून त्या हाताला काय मिळतं आणि तिथून ते कोणत्या वाटेने परत येतं, यावर ते ठरतं. डबा आखणाऱ्याने ही परतीची वाटही आखली पाहिजे. ती आखणं शक्यच नसेल, तर वेष्टन अशा एकाच साध्या मालाचं करावं की ज्याला गावात गिऱ्हाईक आहे. मुलाच्या हातात वस्तू देऊन तिची काळजी घ्यायला त्यालाच सांगणं आणि वाट मात्र न देणं, हा त्या मुलावर अन्याय आहे. पुढचं सगळं विवेचन या एका म्हणण्याची छाननी आहे.

सध्याचं सर्वांत लाडकं उत्तर म्हणजे खोक्याचं खेळणं करणं. मागच्या बाजूला तुटक रेघा छापायच्या आणि ‘इथे कापा’ म्हणून सांगायचं, मग मुखवटा तयार होतो, पेन ठेवायचं उभं भांडं तयार होतं, बाहुलीचं घर होतं. मुलांना याचा आनंद होतो, आणि त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. पण तो पुनर्वापर आहे का, हे हिशेबाने तपासलं पाहिजे. मुखवटा दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो. दरम्यान त्याला गोंद, चमकी, सेलोटेप लागलेली असते, म्हणजे आधी जो निदान रद्दीत जाण्याजोगा पुठ्ठा होता तो आता रद्दीवालाही घेत नाही. हिशेबाचं एक जुनं आणि अजूनही उपयोगी उदाहरण कॅनडातलं आहे. व्हिक्टोरिया विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ मध्ये कपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कप बनवायला लागणारी ऊर्जा आणि तो प्रत्येक वेळी धुवायला लागणारी ऊर्जा त्यांनी एकत्र मोजली. चिनी मातीचा कप कागदी कपाच्या बरोबरीला यायला ३९ वेळा वापरावा लागतो, काचेचा १५ वेळा आणि पुन्हा वापरायचा प्लास्टिकचा १७ वेळा, असं त्यांना आढळलं. तुलना फोमच्या कपाशी केली तर चिनी मातीच्या कपाचा आकडा १००६ पर्यंत जातो. धुण्याची यंत्रं, वीज कुठून येते, पाणी किती तापवायचं, यांनुसार हे आकडे आज आणि आपल्याकडे बदलतील. फोमचा कप हलका असला म्हणून चांगला ठरत नाही, कारण तो वाऱ्याने उडून ओढ्यात जातो तेव्हाचा हिशेब या आकड्यांत नाही. तरी मूळ मुद्दा पक्का राहतो. टिकाऊ वस्तू बनवायला जास्त खर्ची पडतं, आणि ते भरून निघतं फक्त फेऱ्यांनी. ‘पुन्हा वापरण्यायोग्य’ असं लिहिलेला जाड प्लास्टिकचा रंगीत पेला सिनेमागृहातून घरी आला आणि फडताळात गेला, तर तो कागदी पेल्यापेक्षा महागात पडलेला कचराच आहे.

दुसरं आयुष्य खरोखर मिळालेल्या वेष्टनांची उदाहरणं इतिहासात आहेत, आणि ती मला फार बोलकी वाटतात. अमेरिकेत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पीठ आणि जनावरांचं खाद्य सुती पोत्यांतून येई. शेतकऱ्यांच्या घरच्या बायका ती पोती उसवून मुलांचे कपडे शिवतात, हे गिरणीवाल्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी पोत्यांवर फुलाफुलांची नक्षी छापायला सुरुवात केली आणि गिरणीचं नाव धुतल्यावर निघून जाणाऱ्या शाईत किंवा सोडवता येणाऱ्या कागदावर घातलं. स्वतःचं नाव मिटवण्याची सोय स्वतःच करून देणारा उत्पादक आज शोधून सापडायचा नाही. पुढे १९५३ मध्ये वेल्चेस या कंपनीने द्राक्षाची जेली हाऊडी डूडी या टीव्हीवरच्या बाहुल्याचं चित्र असलेल्या काचेच्या पेल्यांतून विकली. जेली संपली, पेला घासला, की तो दूध प्यायला. आपल्याकडच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला तर कोणी सूचनाही दिल्या नव्हत्या. झाकण घट्ट बसतं, मुंग्या शिरत नाहीत, म्हणून तो आपोआप सुया-दोरे, बटणं किंवा शंकरपाळ्यांचा झाला. या तिन्हींत साम्य आहे. घराला ज्याची गरज होती तेच त्या वस्तूतून मिळालं, माल चांगला होता आणि जाहिरात बाजूला सरू शकत होती. पण याच उदाहरणांची मर्यादाही डोळ्यांआड करून चालणार नाही. एका घराला पेले किती लागतात? सहा, फार तर बारा. तेराव्या पेल्यापासून घरच्या पुनर्वापराची हद्द संपते आणि अडगळ सुरू होते. आठवड्याला पाच वेष्टनं घरात येत असतील तर ‘घरीच काहीतरी उपयोग करा’ हे उत्तर पहिल्या महिन्यातच तोकडं पडतं. तिथून पुढे वस्तूने घरातून बाहेर पडून जिथून आली तिथे परत गेलं पाहिजे.

परत जाण्याची विद्या आपल्याकडे आहे आणि ती शाबूत आहे. मुंबईत १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांच्यापासून सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेचं कौतुक बहुतेक वेळा डबा न चुकता पोचतो म्हणून होतं. माझ्या मते तिचा खरा चमत्कार दुपारनंतर घडतो, कारण तोच डबा रिकामा होऊन त्याच दिवशी, त्याच खुणांवरून, त्याच घरी परत जातो. कोविडच्या आधी सुमारे पाच हजार माणसं दोन लाखांच्या आसपास डब्यांची ही ये-जा रोज करत होती. महिन्याच्या पैशांत परतीची फेरी धरलेलीच असते, ती वेगळी कोणी मागत नाही. आता तो डबा पाहा. गोल आहे, म्हणून कोपऱ्यात अन्न अडकत नाही. ताटल्या एकावर एक बसतात, बाजूच्या खटक्याने आवळल्या जातात, उघडल्या की प्रत्येक ताटली सुटी होते आणि सगळीकडून घासता येते. झाकणावर रंगाने घातलेल्या खुणा म्हणजेच त्याचा पत्ता. डबेवाला हरवला तरी डबा हरवत नाही, अशी ती योजना आहे. मुंबईत आरेच्या केंद्रांवर मिळणारं ‘एनर्जी’ हे सुगंधी दूधही असंच काचेच्या बाटलीत येई. मुलं तिथेच उभी राहून पीत आणि बाटली केंद्रावर परत देत. बाटली परत करा म्हणून कोणाला समजवावं लागत नव्हतं, कारण तिची जागा चार पावलांवर होती. आणि रोजच्या जेवणाचं सर्वांत मोठं उदाहरण तर शाळाशाळांत आहे. २०२१ मध्ये केंद्राने पीएम पोषण या नावाने पुढे चालवलेल्या शालेय पोषण आहाराच्या कक्षेत तेव्हा सुमारे ११.२ लाख शाळा आणि ११.८ कोटी मुलं येत होती. खिचडी, वरणभात, उसळ यांसाठी तिथे एकदा वापरून फेकायचं वेष्टन लागत नाही. भांड्यातून ताटलीत आणि ताटलीतून तोंडात. ताटली घासली की उद्याची सोय झाली. पुनर्वापर म्हणजे शहरी हौस आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

वाट आखली की काय होतं आणि कुठे अडतं, हे फ्रान्समध्ये अलीकडे दिसलं. तिथल्या कायद्याने १ जानेवारी २०२२ पासून मुलांच्या जेवणासोबत प्लास्टिकचं खेळणं फुकट द्यायला बंदी आली आणि १ जानेवारी २०२३ पासून वीसपेक्षा जास्त आसनांच्या हॉटेलांना तिथेच बसून खाणाऱ्यांसाठी धुऊन वापरायची भांडी सक्तीची झाली. मॅकडोनाल्ड्सने तिथे बटाट्याच्या फ्राइजसाठी पुठ्ठ्याच्या पाकिटासारखाच दिसणारा लाल, टिकाऊ पेला आणला. तो इतका देखणा होता की ग्राहक आठवण म्हणून घरी नेऊ लागल्याच्या बातम्या आल्या. मुलांचं पॅकिंग करणाऱ्या प्रत्येकाने या प्रसंगावर थांबून विचार करावा. वस्तू मुलाला हवीहवीशी वाटली पाहिजे, हा या धंद्यातला पहिला धडा असतो. पण परत यायची असलेली वस्तू हवीहवीशी असून चालत नाही. ती वापरायला चांगली, पण ठेवून घ्यावीशी वाटणार नाही इतकी साधी असली पाहिजे. डबेवाल्याच्या डब्यावर कार्टून नाही, शाळेच्या ताटलीवर वाघ नाही, आणि त्यामुळे मुलांच्या जेवणाचं काही बिघडलेलं नाही. आनंद द्यायचा तर तो ताटाखालच्या कागदावर, भिंतीवर, वाढणाऱ्याच्या बोलण्यात देता येतो. त्याच सुमारास जर्मनीने वेगळा रस्ता घेतला. २०२३ पासून मोठ्या हॉटेलांनी बाहेर नेण्याच्या खाण्यासाठी धुऊन वापरायच्या डब्याचा पर्याय ठेवलाच पाहिजे, असा नियम केला. पर्याय ठेवला गेला, पण बहुसंख्य ग्राहक फेकायचं पॅकिंगच घेत राहिले. घाईत असलेला माणूस समोर आलेली पहिली वस्तू उचलतो. पर्याय मागून घ्यावा लागत असेल तर तो असूनही नसल्यासारखा असतो.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप स्वच्छतेचा आहे आणि तो आयांकडून येतो, म्हणून त्याला उडवून लावता येणार नाही. दहा मुलांनी वापरलेल्या पेल्यातून माझ्या मुलाने का प्यावं? याचं पहिलं उत्तर वस्तूच्या घडणीत आहे. आज ‘गळत नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मुलांच्या कितीतरी डब्यांच्या झाकणात रबराची रिंग एका अरुंद खाचेत बसवलेली असते. ती रिंग सुरीच्या टोकाशिवाय निघत नाही, तिच्याखाली दही आणि भाजीचं पाणी साचतं आणि पावसाळ्यात तिथे काळी बुरशी धरते. बाटलीच्या दुमडणाऱ्या स्ट्रॉचं तेच. हा दोष पुनर्वापराचा नाही, घडणीचा आहे. ज्या भागात बोट किंवा घासणी पोचत नाही तो भाग मुलांच्या भांड्यात असू नये, एवढा एकच नियम पाळला तर अर्धा आक्षेप मिटेल. गरम अन्नाशी कोणतं प्लास्टिक जुळतं हाही प्रश्न खरा आहे. दूध पाजायच्या बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या नकोत असं भारतीय मानकाने २०१५ मध्ये ठरवलं ते याच काळजीपोटी. म्हणून जिथे वस्तू शेकडो वेळा धुतली आणि तापवली जाणार आहे तिथे स्टेनलेस स्टीलला माझा कौल आहे. ते जड असतं, आवाज करतं, पण पोचे पडले तरी वापरात राहतं, आणि शेवटी भंगारात त्याला भाव मिळतो.

आक्षेपाचा दुसरा भाग पाण्याचा आहे आणि तो मला पहिल्याहून अवघड वाटतो. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात शंभर ताटल्या घासायचं पाणी कुठून आणायचं? तिथे स्टीलचा आग्रह धरणं म्हणजे एका टंचाईवर दुसरी लादणं. अशा ठिकाणी एकदा वापरून टाकायचं पात्रच योग्य आहे, आणि ते आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. काड्यांनी टाचलेली पळसाची पत्रावळ आणि द्रोण गुरांपुढे टाकले किंवा उकिरड्यात गेले तरी त्यांची मातीच होते. मात्र आता पंगतींत जी चंदेरी पत्रावळ आली आहे, तिच्या कागदावर प्लास्टिकचा चकचकीत पापुद्रा आहे. ती गुरांना चालत नाही, कुजत नाही आणि रद्दीतही जात नाही. नाव पत्रावळीचं राहिलं आणि गुण गेला. म्हणजे ‘एकदाच वापरायचं’ किंवा ‘पुन्हा वापरायचं’ हा भेद मला मूळचा वाटत नाही. पळसाच्या पानाला परतीची वाट आहे, ती मातीतून जाते. चंदेरी पत्रावळीला कुठलीच वाट नाही.

आता पाकिटांकडे वळू, कारण मुलांच्या खाण्याचा खरा ढीग पाकिटांचा आहे. पुण्यात १९९३ पासून काम करणाऱ्या कचरावेचकांच्या संघटनेचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत असं आहे. या नावातले पहिले तीन शब्द म्हणजे भंगाराच्या दुकानात ज्यांना भाव आहे अशा वस्तूंची यादी आहे. त्या यादीत वेफर्सचं पाकीट नाही. बाहेर छापील पापुद्रा, आत अ‍ॅल्युमिनियमची अतिशय पातळ वाफ बसवलेला थर, त्याच्याही आत उष्णतेने चिकटणारा थर, असं ते बहुपदरी असतं. हे थर एकमेकांपासून सोडवणं इतकं खर्चिक आहे की ते सहसा केलं जात नाही. शिवाय लहान पाकीट दोन-तीन ग्रॅमचं. एक किलो व्हायला शेकडो पाकिटं वाकून उचलायची आणि शेवटी ती कोणी विकत घ्यायची नाहीत. ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या बाया घरोघरचा कचरा घेऊन वर्गवारी करतात, तेव्हा माल हाताने चुरगाळून, वाकवून, आवाज ऐकून कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरवतात. वेष्टनाचा डिझायनर ज्या हातांसाठी काम करतो त्यांत या हातांचीही गणती व्हायला हवी. त्या हातांना काय सोयीचं आहे ते फार गूढ नाही. एकाच जातीचं प्लास्टिक असावं. ते रंगहीन असावं, कारण रंगीतपेक्षा पारदर्शक बाटलीला भाव जास्त. काळं तर नकोच, कारण यंत्राने वर्गवारी होते तिथे काजळीच्या रंगाचं प्लास्टिक यंत्राच्या अवरक्त प्रकाशाला ‘दिसत’ नाही. बाटलीवर गळ्यापासून तळापर्यंत आवळून बसवलेलं कार्टूनचं कवच बाटलीहून वेगळ्या प्लास्टिकचं असतं, ते सोलल्याशिवाय बाटली वितळवता येत नाही. तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा मालाची जात सांगतो. त्या मालाचं कोणी पुढे काही करणार आहे याची हमी तो देत नाही, आणि खरेदीदार मात्र त्याला हमी समजतो.

अगदी बारीकशा गोष्टीतही किती फरक पडतो, याचं एक उदाहरण पाकिटाच्या कोपऱ्याचं आहे. मूल पाकीट दातांनी किंवा बोटांनी कोपऱ्यातून फाडतं. नखाएवढा एक त्रिकोण सुटतो आणि तिथेच पडतो, शाळेच्या पायरीवर, बसच्या सीटखाली. मोठं पाकीट एखादेवेळी कचऱ्याच्या डब्यात जाईल, हा त्रिकोण कधीच जात नाही, कारण तो झाडूतूनही निसटतो. फाडण्याची खूण दोन-तीन मिलिमीटर आधी थांबवली आणि कोपरा पाकिटाला लोंबकळत राहिला, तर तो तुकडा जन्मालाच येणार नाही. युरोपात ३ जुलै २०२४ पासून पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांची झाकणं बाटलीला जोडलेलीच राहिली पाहिजेत असा नियम लागू झाला, त्याचं तत्त्व हेच आहे. आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली आणि रसाच्या खोक्यांवर कागदी स्ट्रॉ आल्या. हे पाऊल योग्यच होतं. पण खोकं तेच राहिलं: सुमारे तीन चतुर्थांश पुठ्ठा आणि उरलेल्यात प्लास्टिक व थोडं अ‍ॅल्युमिनियम. ते पाण्यात घुसळून पुठ्ठ्याचा लगदा वेगळा करता येतो, राहिलेलं दाबून त्याच्या फळ्या होतात आणि मुंबईत अशा फळ्यांपासून शाळेची बाकंही झाली आहेत. म्हणजे वाट आहे. मात्र तिच्यावर पहिलं पाऊल कोणी टाकायचं, हे त्या खोक्यावर पाहून कळत नाही. आणि जी वस्तू अन्नापासून निघाली ती पुन्हा अन्नालाच गुंडाळली पाहिजे असा हट्टही नको. वडापाव वर्तमानपत्रात बांधायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई केली आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. मुलांच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी. रसाच्या खोक्याचं बाक झालं तर ते चांगलंच आहे.

आणखी एक आक्षेप मला अधूनमधून ऐकू येतो आणि तो मनाला लागतो. तो असा की मुलांना सुखाने खाऊ द्या, पृथ्वीचं ओझं त्यांच्या डोक्यावर कशाला? मी याच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. पाकिटावर रडणारं कासव छापून सहा वर्षांच्या मुलाला अपराधी वाटायला लावणं मला मान्य नाही, विशेषतः ते पाकीट त्याने बनवलेलं नसताना. पण मुलांना यातलं काही कळत नाही किंवा नको असतं, असं मानणंही चूक आहे. ब्रिटनमध्ये २०१९ साली दोन लहान बहिणींनी बर्गरच्या कंपन्यांनी मुलांच्या जेवणात प्लास्टिकची खेळणी देऊ नयेत म्हणून अर्ज केला. त्याला लाखो लोकांनी पाठिंबा दिला, बर्गर किंगने त्याच वर्षी तिथे ती खेळणी थांबवली आणि २०२१ मध्ये मॅकडोनाल्ड्सने खेळण्यांतलं खनिज तेलापासूनचं प्लास्टिक २०२५ अखेर जगभर मोठ्या प्रमाणात कमी करण्याचं जाहीर केलं. जपानच्या अनेक शाळांत जेवणानंतर मुलं दुधाची पुठ्ठ्याची खोकी पाण्याने विसळतात, उघडून सपाट करतात आणि वाळत ठेवतात. तिथे उपदेश कमी आणि रांग जास्त असते. बादली कुठे आहे, जाळी कुठे आहे, आज कोणाची पाळी आहे, हे सगळं ठरलेलं असतं. मुलावर ओझं पडतं ते वाट नसते तेव्हा. वाट असली की ते फक्त काम असतं, आणि काम मुलांना आवडतं. राहता राहिला खर्च. परत येणारी भांडी, धुण्याची जागा, गोळा करणारी माणसं यांना पैसे लागतात हे उघड आहे. पण फेकलेल्या पाकिटालाही पैसे लागतात. ते नगरपालिका भरते, आणि उरलेले कचरा वेचणारी बाई आपल्या पाठीने भरते. ज्याने वेष्टन बाजारात आणलं त्याने त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी घ्यावी असं आता आपले नियमही म्हणतात. तेव्हा हिशेब कारखान्याच्या दारात न थांबवता पुढे नेला पाहिजे.

मराठी घरांत भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. ताटाच्या कडेवर, वाटीच्या बुडाला, डब्याच्या झाकणावर बारीक टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, कधी लग्नाची तारीख, कधी मुंजीची. पंगतीला शेजाऱ्यांकडून आलेली शंभर भांडी दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी जायची ती या नावांच्या जोरावर. शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही, निदान चिमूटभर साखर घालून द्यायची, हीही त्याच व्यवहारातली गोष्ट. आज दुकानातला मुलांचा डबा हातात घेतला तर त्याच्या झाकणावर, चारही बाजूंवर, कधी कधी तळावरसुद्धा कार्टून पसरलेलं असतं. नाव लिहायला मोकळी जागा नसते. आई स्टिकर चिकटवते, तो तिसऱ्या धुण्याला निघतो, आणि शाळेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात एकसारखे वीस डबे जमा होतात. मुलांची नावं कोरायला अंगठ्याएवढी एक साधी, सपाट, रंग न दिलेली पट्टी डब्यावर सोडायला किती खर्च येईल?